अडसर

परवा प्रवासातली जुनी पर्स आवरताना टिकल्यांचं एक पाकीट हाती लागलं. मरून रंगाच्या बारीक टिकल्या. बाराच्या पाकिटात दहाच शिल्लक. उरलेल्या दोन कुठे गेल्या ते मला पक्कं ठाऊक आहे. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, एका भाड्याच्या गाडीत, एक मी सोफ्याच्या कडेला लावली आणि दुसरी जमिनीला. त्या दोन टिकल्यांची गोष्ट बरेच दिवस लिहायची राहून गेली होती. आज लिहूनच टाकते.

हे गेल्यानंतर धाकट्याकडे डेन्व्हरला गेले होते, तीन महिन्यांसाठी. (ह्यांच्या माघारी मी टिकली लावणं सोडलं नाही. त्यावर एकदा वेगळं लिहायचं आहे.) मुलगा, सून, दहा वर्षांची नात. सगळी मायेची माणसं. पण आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईला एक खोड असते, ती म्हणजे चूक दिसली की बोलायची. नातीचं मराठी अक्षर, सुनेने उघडा ठेवलेला गॅसशेजारचा खण, मुलाचं जेवताना फोन बघणं. एके दिवशी मुलगा हसत हसतच म्हणाला, "आई, तू रिटायर झालीस ना गं? मग थोडं रिटायर हो की!" सगळे हसले, मीही हसले. पण ते वाक्य मनात कुसळासारखं रुतून बसलं. मी ठरवून टाकलं, आता काही दिसलं तरी बोलायचं नाही.

नेमकं त्याच आठवड्यात आम्ही मोटारहोम भाड्याने घेऊन युटामधल्या मोआबला निघालो. तिथे दगडाच्या नैसर्गिक कमानी आहेत, त्या बघायला.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. ओटा, फ्रीज, पलंग, संडास, सगळं आत. आणि ह्या गाडीत आणखी एक गंमत होती. मुक्कामाला थांबलं की बटण दाबायचं, मग डाव्या बाजूची भिंत सोफ्यासकट दोन-अडीच फूट बाहेर सरकते आणि आतली जागा ऐसपैस होते. निघताना पुन्हा बटण दाबायचं, की खोली आत. काडेपेटीचा आतला खण कसा सरकतो, अगदी तस्सं. तिकडे ह्याला स्लाइड-आउट म्हणतात. १९९० नंतर अशा गाड्यांमध्ये ही सोय चांगलीच रुळली. मला तर फार कौतुक वाटलं. आमच्या पंचवटीतल्या वाड्यात दोन खोल्यांत नऊ माणसं राहत होतो, तेव्हा अशी एखादी भिंत सरकली असती तर काय बहार झाली असती!

सकाळी लवकर निघालो. मुलगा चालवत होता, सून त्याच्या शेजारी. मी आणि नात मागे, जेवायच्या टेबलाशी पट्टे बांधून. समोरच तो सरकता सोफा. आय-७० नावाचा महामार्ग डेन्व्हर सोडलं की रॉकी पर्वत चढायला लागतो. आपल्या कसारा घाटाची सवय असलेल्या बाईला घाटाचं काय कौतुक, असं मी म्हणणार होते, पण हा घाट संपेचना. वर आयझेनहॉवर बोगदा लागतो. अकरा हजार फुटांच्याही वर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. लांबी पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. आम्ही गेलो तो बोगदा १९७३ साली सुरू झाला. आमचं लग्न त्याच वर्षीचं, म्हणून हे साल लक्षात राहिलं.

बोगद्याच्या अलीकडेच मला ती रेघ दिसली. सोफ्याच्या मागच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, उजेडाची एक बारीक उभी रेघ. निघताना ती नव्हती. शिवाय कुठूनतरी शीळ घातल्यासारखा आवाज आणि पायाला गार वारा.

मी म्हटलं, "अरे, इथून वारा येतोय रे."

"आई, जुनी गाडी आहे. थोडा वारा यायचाच. स्वेटर घाल आणि आराम कर."

झालं. मी स्वेटर घातला आणि गप्प बसले.

आता खरं सांगते. मी गप्प बसले ते समजूतदारपणाने नव्हे, फुगून बसले होते. "रिटायर हो म्हणालास ना? मग बघ आता मी कशी रिटायर होते!" वय वाढलं म्हणून माणूस शहाणं होतंच असं नाही.

पण नजर काही रिटायर होत नाही. फ्रिस्को नावाच्या गावी चहाला थांबलो, तेव्हा सगळे खाली उतरल्यावर मी पर्समधून पाकीट काढलं. एक टिकली सोफ्याच्या खालच्या कडेला लावली आणि एक तिच्या बरोबर समोर जमिनीवर. दोन्ही एका ओळीत. शाळेत भिंतीला तडा गेला की आमचे शिपाईमामा त्यावर पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहायचे. तडा वाढतोय की जुनाच आहे, ते महिन्याभरात कळायचं. तीच युक्ती.

पुढे व्हेल पास नावाची खिंड. चढण संपली, उतार सुरू झाला. मी टिकल्यांकडे बघत बसले. गाडी उजवीकडे वळली की सोफ्याची टिकली बाहेरच्या भिंतीकडे जराशी सरके. डावीकडे वळली की तिथेच थांबे, परत काही येत नसे. एस.टी. उजवीकडे वळली की आपण डाव्या हाताच्या शेजाऱ्यावर कलंडतो ना, तसंच हे. फरक इतकाच, की आपण पुन्हा सावरून बसतो, खोली बसत नव्हती. दर वळणाला थोडी थोडी निसटत होती. उतार संपेपर्यंत दोन टिकल्यांत दोन बोटांचं अंतर पडलं.

तरीही मी बोलले नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण नाही बोलले.

मग ग्लेनवूड कॅन्यन आली. दोन्ही बाजूंना उभे कडे, खाली कोलोरॅडो नदी आणि कड्याला बिलगून पुलांवरून जाणारा रस्ता. हा रस्ता १९९२ साली पुरा झाला. बघत राहावा असा. नात खिडकीला नाक लावून बसलेली. मी मात्र जमिनीकडे बघत होते. वळणामागून वळणं. तीन बोटं... चार बोटं. उजेडाच्या रेघेची आता चांगली फट झाली होती. त्या फटीतून मला बाहेरचं काहीतरी पांढरं, मोठं पुढे जाताना दिसलं. तो आम्हाला ओलांडून जाणारा ट्रक होता. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगाने चालतात आणि ओलांडणारा डावीकडून जातो. आमची खोली सरकत होती तीही डावीकडेच. म्हणजे थेट त्या ट्रकच्या अंगावर.

तेव्हा मात्र माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो आईचा नव्हता, आजीचाही नव्हता. तो सातवी 'ब'च्या वर्गशिक्षिकेचा होता.

"गाडी थांबव! आत्ता! ही भिंत बाहेर चाललीय!"

मुलाने एका शब्दानेही वाद घातला नाही. वेग कमी केला, उजव्या कडेने हळूहळू गाडी नेली आणि पहिल्या विश्रांतीच्या जागी वळवली. त्या जागेचं नाव काय असेल? 'नो नेम'! खरंच सांगते, तिथल्या वस्तीचं नावच ते आहे. बिननावाच्या गावात आमची बिनकडीची खोली थांबली.

उतरून बाहेरून पाहिलं तर खोलीची कड गाडीच्या भिंतीपासून तीन इंच पुढे आलेली. मुलाचा चेहरा पांढरा पडला. त्याने बटण दाबलं, खोली गुर्रकन आत आली. तो म्हणाला, "चला, झालं." मी म्हटलं, "झालं कसं? सकाळीही अशीच आत आली होती."

शेजारी एका मोठ्या मोटारहोमपाशी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. नवराबायको निवृत्तीनंतर गाडीतच राहत होते. आमची गडबड बघून ते उठून आले. माझं इंग्रजी शाळेपुरतं, त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात. पण मुलगा मध्ये सांगत गेला आणि मला सगळं समजलं. अशी समजावून सांगायची हातोटी मी फार थोड्या मास्तरांकडे पाहिली आहे.

ते म्हणाले, खोली आत ओढणं हे एक काम आणि आत धरून ठेवणं हे दुसरं. तुमची मोटर ओढते आहे. धरतंय कोण, ते शोधा.

मग त्यांनी परीक्षाच घेतली. चाकांखाली पाचर लावल्या. इंजिन सुरू ठेवायला सांगितलं, कारण बॅटरी उतरलेली असली तर खोली शेवटपर्यंत घट्ट बसत नाही आणि आपण मात्र बसली असं समजतो. खोली पूर्ण आत घेतली, बटण लगेच न सोडता खोली पुरती टेकेपर्यंत दाबून धरलं. इंजिन बंद केलं. मग मुलाला म्हणाले, आतून खांद्याने बाहेर ढकल. धरणारा धड असेल तर माणसाच्या जोराने खोली हलणार नाही. मुलाने खांदा लावला आणि माझ्या टिकल्या बोटभर लांब गेल्या.

त्या टिकल्या बघून ते गृहस्थ थबकले. हे काय आहे म्हणून विचारलं. नातीने कपाळाला बोट लावून दाखवलं आणि आजीने काय केलं ते सांगितलं. ते मोठ्याने हसले, मग टोपी काढून मला मान लववली. ते म्हणाले, मी मास्किंग टेपवर खूण करतो, पण ही पद्धत जास्त चांगली!

नंतर ते गाडीखाली शिरले. खोली ढकलणारी मोटर तिथे असते. दातेरी चाक फिरतं आणि दातेरी पट्टी पुढेमागे सरकते, शिवणयंत्रासारखं साधं काम. त्या मोटरीला एक ब्रेक असतो. त्याची तऱ्हा लिफ्टच्या ब्रेकसारखी, म्हणजे वीज मिळाली की सुटतो, वीज थांबली की स्प्रिंगने पकडतो. म्हणून बटण सोडलं की खोली आहे तिथे राहते. पण बॅटरी पार उतरली तर खोली हाताने, दांडा फिरवून आत घ्यावी लागते, आणि त्यासाठी ब्रेक सोडवायची एक छोटी कळ दिलेली असते. आमच्या आधीच्या कुणीतरी अशी हाताने खोली आत घेतली होती आणि ती कळ पुन्हा जागेवर आणायची राहून गेली होती. अर्धवट सुटलेली. मोटर ओढत होती, पण धरायला कुणी नव्हतं.

कळ जागेवर बसवल्यावर पुन्हा परीक्षा. मुलाने खांदा लावला, मग त्या गृहस्थांनीही लावला. टिकल्या जिथल्या तिथे.

त्यांनी आणखी एक सांगितलं. सगळ्या गाड्यांत हेच कारण नसतं. काही खोल्या तेलाच्या दाबावर चालतात. तिथे दाब कोंडून ठेवणाऱ्या झडपेत कचरा अडकला, किंवा नळकांड्यातलं रबर झिजलं, की तेल आतल्या आत सरकतं आणि खोलीही सरकते. काहींना दोन्ही बाजूंच्या भिंतीत एकेक लहान मोटर असते, तिथे एका मोटरीची तार सुटली तरी ती बाजू सैल पडून खोली तिरपी सरकू शकते. दोष वेगवेगळे, पण प्रश्न तोच. धरतंय कोण?

मग त्यांनी विचारलं, "तुमचे बार कुठे आहेत?"

कसले बार? मुलाने गाडीच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, आहेत की, मागच्या सामानाच्या कप्प्यात, चादरीखाली. लोक ते काढायचं विसरतात आणि तसंच बटण दाबतात, मग दांडी वाकते, भिंत मोडते, मोटर जळते. एकदा नुकसान झालं म्हणून मी ते देणंच बंद केलं. फुकटची अडचण!

चादरीखाली दोन दांड्या निघाल्या. फिरवून लांबी कमीजास्त होणाऱ्या, टोकांना रबर. खोली आत आली की तिची आतली चौकट आणि गाडीची बाहेरची भिंत यांच्यामध्ये जी जागा राहते, तिथे ही दांडी आडवी बसवायची आणि पिळून घट्ट करायची. मग मोटरीचा ब्रेक गेला काय आणि राहिला काय, खोलीला बाहेर जायला वाटच नाही.

मी बघतच राहिले. "अरे, हा तर अडसर!" मी म्हटलं.

"म्हणजे गं आजी?" नातीने विचारलं.

आमच्या वाड्याला दिंडी दरवाजा होता. रात्री सगळे घरी आले की मामंजी दरवाजा लोटायचे, कडी घालायचे, आणि मग भिंतीतल्या भोकातून चांगला जाडजूड लाकडी वासा ओढून दाराच्या मागे आडवा सरकवायचे. तो अडसर. कडी बाहेरून हिसडे मारून तुटू शकते, अडसर नाही. त्याचा तो घर्रर्र आवाज आला की वाडा झोपायचा. उशिरा येणाऱ्याला मात्र अडसर काढेपर्यंत बाहेर ताटकळावं लागे. माझे धाकटे दीर सिनेमाचा दुसरा खेळ बघून यायचे आणि अडसराच्या नावाने बोटं मोडायचे.

वाडा पाडला त्याला खूप वर्षं झाली. आता वर्तमानपत्रात अडसर हा शब्द दिसतो तो एकाच अर्थाने. विकासातला अडसर, मार्गातला अडसर दूर. अडसर म्हणजे अडथळा. मीही वर्गात वाक्प्रचार शिकवताना 'अडसर दूर होणे, म्हणजे अडथळा नाहीसा होणे' असंच फळ्यावर लिहिलं. तीसेक वर्षं लिहिलं. पण अडसर मुळात कुणाला अडवायला होता आणि कुणासाठी, हे एकदाही सांगितलं नाही. नो नेममध्ये गाडीच्या पायरीवर बसून ते पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं.

आणि खरं सांगू? मालकाचं ते 'फुकटची अडचण' मला जरा लागलं. कारण गेले काही दिवस मीसुद्धा स्वतःला तेच समजत होते. मुलाच्या चालत्या संसारात आडवी पडलेली दांडी. म्हणून आपणहून चादरीखाली जाऊन बसले होते. बोगद्याच्या अलीकडे दिसलेली रेघ, फ्रिस्कोच्या टिकल्या, व्हेलची दोन बोटं... इतकं सगळं डोळ्यांनी बघून मी गप्प! त्या ट्रकला आमची भिंत घासली असती तर? भिंतीपासून नात चार फुटांवर बसली होती. माझा मान राखायच्या नादात काय होऊन बसलं असतं, हे मनात आलं की आजही अंगावर काटा येतो.

पण दुसरी बाजूही आहे, तीही लिहायला हवी. मालकाचंही अगदी खोटं नव्हतं. अडसर लावलेला असताना दार ओढलं तर दारच मोडतं. जिथे सरकायचं आहे, उघडायचं आहे, तिथे अडसर काढावाच लागतो. मुक्कामाला पोचल्यावरही मी आडवीच पडून राहिले, अक्षर नीट काढ, खण लाव, फोन ठेव, तर मुलाने 'रिटायर हो' म्हटलं त्यात त्याचं काय चुकलं? गाडी चालू असताना आडवं यावं, मुक्कामाला बाजूला व्हावं. हे मला बाहत्तराव्या वर्षी एका दांडीने शिकवलं.

त्या रात्री मुक्कामावर मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, तू सकाळीच बोलली होतीस. मी ऐकलं नाही."

मी म्हटलं, "एकदाच बोलले ना. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं." दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. मग तो म्हणाला, "तो आजोबांचा अडसर मला आठवतो. मी त्याला लोंबकळायचो." मला वाटलं होतं त्याला वाड्यातलं काहीच आठवत नसेल.

दुसऱ्या दिवसापासून निघण्याआधीचा क्रम ठरला. खोलीखाली काही अडकलेलं नाही ना बघायचं, इंजिन चालू करून खोली पूर्ण आत घ्यायची, अडसर लावायचा, बटणावर लाल कापडाची चिंधी बांधायची. चिंधी का, तर मुक्कामाला पोचल्यावर अडसर काढल्याशिवाय बटण दाबलं जाऊ नये म्हणून. ही चिंधी नातीची कल्पना. आणि तासाभराने टिकल्या बघायच्या, हे खातं माझ्याकडे. मोआबला जाऊन परत डेन्व्हरला येईपर्यंत त्या दोन टिकल्या समोरासमोर होत्या. गाडी परत करताना मुलाने त्या कळीचा एक फोटो आणि दांड्या कशा लावायच्या त्याची एक चिठ्ठी मालकाला दिली. टिकल्या काढू का विचारलं, तर तो म्हणाला राहू द्या.

आपल्याकडेही आता अशा गाड्यांचं नाव निघतं. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. उद्या तुमच्यापैकी कुणी तिकडे किंवा इकडे सरकत्या खोलीची गाडी घेतलीच, तर एवढं लक्षात ठेवा. भाड्याने देणाऱ्याला खोली कशी उघडते ते विचारालच, पण आत कशाने धरून राहते तेही विचारा. उजेडाची रेघ दिसली, वाऱ्याची शीळ ऐकू आली, तर ती जुन्या गाडीची सवय समजू नका. खोली जराशी जरी बाहेर आलेली असली तरी तशीच पुढे नेऊ नका. आणि गाडीत कुणी म्हातारं माणूस असेल आणि ते म्हणालं की वारा येतोय, तर स्वेटर द्या, पण एकदा उठून बघा.

म्हाताऱ्यांनाही एक सांगणं आहे. एकदा बोलून कुणी ऐकलं नाही, तर दुसऱ्यांदा बोला. फुगून बसू नका.

दर रविवारी मुलाचा फोन येतो. ठेवताना तो हल्ली विचारतो, "आई, अडसर लावलास ना?" इथे कॉलेज रोडच्या फ्लॅटला कसला आलाय अडसर, दाराला लॅच आहे. पण मी म्हणते, "हो रे, लावला."

पाकिटातल्या दहा टिकल्या पुन्हा पर्समध्येच ठेवल्या आहेत.